साडेनऊनंतर

बसने तिच्यासमोर गुडघे टेकले आणि थेल्मा गारसाइडचं डोकंच फिरलं. तसे बसला गुडघे नसतात. ड्रायव्हर एक बटण दाबतो, पुढच्या चाकावरची हवा सुस्कारा टाकत बाहेर पडते आणि बस फुटपाथच्या बाजूने जराशी खाली बसते. बाबागाडीवाल्या आयांसाठी, काठीवाल्यांसाठी, चाकाच्या खुर्चीवाल्यांसाठी. थेल्माने हे किती वेळा पाहिलं होतं. शेजारची मिसेस पिकल्स चढताना तिने मागे उभं राहून, चढू दे बिचारीला सावकाश, असा दयाळू चेहराही केला होता. पण त्या मंगळवारी लीड्समधल्या आर्मलीच्या थांब्यावर ती एकटीच उभी होती. हातात काठी नव्हती, पायात नेहमीचे बूट, पिशवीत एक फ्लॉवर आणि पावाची लादी. बस आली, दार उघडलं आणि तो सुस्कारा. तिने आधी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. म्हणजे हे आपल्यासाठी! 'सावकाश हं आजी, घाई नाही,' ड्रायव्हर म्हणाला. परवापरवापर्यंत हाच मेला 'काय बाई, आज कुठे दौरा?' म्हणून विचारायचा. मग बाईची आजी झाली कधी? ती पायरीवरच थांबली. 'मला नको होतं ते,' ती म्हणाली. 'काय नको होतं?' 'ते खाली बसवणं. पाय उचलता येतात मला.' ड्रायव्हर हसला, 'अहो, मी सगळ्यांसाठीच करतो.' थेल्मा पुढच्याच सीटवर बसली आणि कान देऊन राहिली. पुढच्या थांब्यावर कानात गाण्याची बोंडं घातलेली एक पोरगी चढली. सुस्कारा नाही. त्याच्या पुढच्या थांब्यावर दोन रंगारी चढले. सुस्कारा नाही. खोटारडा, ती मनात म्हणाली, आणि उतरताना या शहरातल्या सगळ्यांप्रमाणे ड्रायव्हरला थँक्यू म्हणायचं असतं ते ती आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली नाही.

दिवसभर तो सुस्कारा कानातून जाईना. बाजारात मासेवाल्याने बर्फाची बादली ओतली तेव्हा तोच आवाज आला. घरी किटलीने तोच आवाज काढला. ती स्वयंपाकघरात उभी राहून आपलेच गुडघे चाचपत राहिली. डावा जरा कुरकुरतो, उजव्याची काही तक्रार नाही. मग त्याला दिसलं काय? चालण्यात काही दिसलं का? की तोंडावर? हॉलमधल्या आरशासमोरून ती दोनदा गेली, एकदा मुद्दाम आणि एकदा बेसावधपणे, म्हणजे बेसावध असल्याचं सोंग करून. तिच्यासमोर आयुष्यात कुणी गुडघे टेकले नव्हते. क्लिफने लग्नाचं विचारलं ते चिप्सच्या दुकानाबाहेर, व्हिनेगर लागलेली बोटं चोखत, 'मग काय, करून टाकू या का?' असं. तेव्हा तिला वाईट वाटलं नव्हतं. गुडघे टेकणारी माणसं सिनेमात असतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशी कामावर जायचं नसतं. पण आता या वयात टेकले कुणी, तर बसने! तिला हसू आलं, आणि हसता हसता राग आला, आणि तो राग रात्रीच्या जेवणापर्यंत म्हणजे हेदरचा फोन येईपर्यंत तसाच राहिला.

हेदर ही तिची एकुलती एक मुलगी. हॅरोगेटला मोठ्या घरात राहते, नवऱ्याचं नाव ग्रॅहम, आणि गेले काही महिने तिच्या तोंडात एकच शब्द आहे, लार्चफील्ड. लार्चफील्ड म्हणजे हॅरोगेटमधले म्हाताऱ्या माणसांचे फ्लॅट. गरम, स्वच्छ, खाली एक बाई चोवीस तास बसलेली, आणि प्रत्येक खोलीत छतापासून लोंबणारी एक लाल दोरी. पडलात की ओढायची, खाली घंटा वाजते. 'आई, एक फ्लॅट रिकामा झालाय,' हेदर म्हणाली. 'कसा काय रिकामा झाला?' थेल्माने विचारलं. आणि लगेच पुढे, 'उडून गेला का राहणारा?' 'आई, प्लीज. पुढच्या आठवड्यात गुरुवारपर्यंत सांगायचंय त्यांना. त्यानंतर दुसऱ्याला देतील. तू हिवाळ्यात जिन्यावर घसरली होतीस.' 'घसरले. पडले नव्हते.' 'एकच आहे ते.' 'एक नाही. घसरला तो उठतो.' आणि मग, कुठून आलं कुणास ठाऊक, कदाचित त्या सुस्काऱ्यातूनच आलं, तिच्या तोंडून बाहेर पडलं, 'तसंही पुढच्या आठवड्यात मी गावाला चाललेय.' 'गावाला? कुणाबरोबर?' 'कुणाबरोबर नाही. एकटी. आर्नसाइडला. बसने.' फोनमधून तिला हेदरच्या घरातलं घड्याळ ऐकू आलं. 'बसने? आई, पाच-सहा बस बदलाव्या लागतील! ग्रॅहम सोडेल ना तुला. नाहीतर मी ट्रेनचं तिकीट काढते.' थेल्माने फोन दुसऱ्या कानाला लावला. 'हे बघ,' ती म्हणाली, 'मी एकटी जाते. कुणाच्या गाडीत पाय ठेवत नाही. दोन रात्री राहते आणि परत येते. तसं झालं तर लार्चफील्डचं नाव पुन्हा काढायचं नाही. मी मेले तरी काढायचं नाही.' 'आणि नाही जमलं तर?' 'तर तू म्हणशील ती दोरी ओढेन.' 'गाडीत बसलीस तर हरलीस?' हेदर म्हणाली. मुलगी कुणाची होती, पैजेचे नियम लगेच पक्के करून घेतले. 'गाडीत बसले तर हरले,' थेल्मा म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती घाबरली. का घाबरू नये? तिने उभ्या जन्मात एकही सहल स्वतः आखली नव्हती. आखायचा क्लिफ. गाडी त्याची, रस्ता त्याचा, निघायची वेळ त्याची. ती डाव्या सीटवर बसून उकडलेली अंडी सोलायची, मीठ लावून त्याच्या तोंडाशी धरायची, आणि मांडीवरचा नकाशा उलटा असला तरी काही बिघडत नसे कारण तिला कुणी काही विचारत नसे. दर उन्हाळ्यात आर्नसाइड. तिथे खाडीतलं पाणी एवढं मागे जातं की नुसती वाळू उरते, पार पलीकडच्या डोंगरापर्यंत, आणि मग भरतीचं पाणी एकदम येतं. धावत येतं म्हणतात. पांढरी रेघ येते आणि पाहता पाहता सगळं भरून जातं. ते येण्याआधी वाळूवरच्या माणसांना हाकलायला दोनदा भोंगा वाजतो. हे सगळं थेल्माला ऐकून ठाऊक होतं. कारण पहिला भोंगा झाला रे झाला की क्लिफ डब्याचं झाकण लावायचा. 'चला, उठा! आता सगळे एकदम निघतील, रस्ता तुंबेल.' वाळूचे पाय तसेच टॉवेलात गुंडाळून हेदर मागच्या सीटवर, ही पुढे, काचा वर. दुसरा भोंगा तिने दर वर्षी बंद काचेतून ऐकला. एकदाच ती म्हणाली होती, 'थांबू या ना, पाणी बघू.' क्लिफ म्हणाला, 'पाणी काय, पुढच्या वर्षीही येईल.' ते खरं होतं. पाणी दर वर्षी आलं, क्लिफ तेवढा आला नाही. त्याचा राग तिला त्याच्या अंत्यविधीच्या दिवशीसुद्धा आला नव्हता, तो आता बशा विसळताना आला. सगळं आयुष्य या माणसाच्या 'लवकर'वर गेलं. लवकर उठ, लवकर निघू, लवकर पोचू, लवकर परत फिरू. आणि स्वतः गेलाही लवकर.

दुसऱ्या दिवशी तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर मुलूख मांडला. मिठाची बाटली म्हणजे लीड्स. मिरपूड म्हणजे कीथली. अंड्याचा कप स्किप्टन, लोण्याची थाळी सेटल, मुरंब्याची बरणी कर्बी लॉन्सडेल, मोहरीचा डबा केंडल. आणि टेबलाच्या पार कडेला चहाची किटली, कारण पाणी तिच्यात होतं, आर्नसाइड. बसस्थानकावरच्या खिडकीतून तिने वेळापत्रकांचा गठ्ठा आणला आणि भिंग घेऊन बसली. सेटल ते कर्बी लॉन्सडेल हा तुकडा अवघड होता; तिथे बस कमी, चुकली की खेळ खलास. त्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी ही बस नाही. थेल्माने ते वाचलं. नीट वाचलं, भिंगातून. आणि नोकरदारांचे चोचले, असं मनात म्हणून पान उलटलं. तिच्या आयुष्यातून सुट्टी जाऊन किती वर्षं झाली होती! जिला रोजचाच रविवार, तिला सुट्टी कशी कळावी? आर्नसाइडच्या खानावळवाल्या बाईने फोनवर सांगितलं, 'सोमवार ना? नशीब तुमचं, एकच लहान खोली उरलीय.' सोमवारी कोण मरायला येतं तुमच्याकडे, असं थेल्माच्या मनात आलं, आणि तिला वाटलं बाई भाव खातेय. भरती मंगळवारी दुपारच्या जेवणाआधी, हेही तिने विचारून घेतलं. मग ती टेबलापाशी उभी राहिली आणि एका बोटाने मिठापासून किटलीपर्यंत गेली. थांबत थांबत, प्रत्येक ठिकाणी उतरत. बोट किटलीला टेकलं तेव्हा चटका बसला आणि ती मोठ्याने म्हणाली, 'पोचले!' स्वयंपाकघरात ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून तिने ते परत एकदा म्हटलं.

एकच अडचण होती, साडेनऊची. सरकारने म्हाताऱ्यांना दिलेला फुकटचा पास कामाच्या दिवशी साडेनऊच्या आधी चालत नाही. आधी जग कामावर जाणार, मग आपण. त्यामुळे बरीच आधीपासून थांब्याथांब्यावर म्हातारी माणसं पास छातीशी धरून उभी असतात, आणि बस आली की जो पुढे असेल तो दारातून डोकं आत घालून विचारतो, 'फार लवकर तर नाही ना झालं?' ड्रायव्हरांनी त्यांचं नावच ठेवलंय, लवकऱ्या. 'आला बघ लवकऱ्यांचा घोळका,' म्हणतात. थेल्माने तो प्रश्न कधी म्हणजे कधी विचारला नव्हता. ती समोरच्या दुकानाच्या काचेत बघत उभी राही, जणू पडदे घ्यायला आलेय आणि बस आपली सहज आली. जी लवकरची आयुष्यभर शिकार झाली तिला निदान हे नाव कुणी ठेवू नये, एवढी तिची जिद्द होती.

म्हणून त्या सोमवारी सकाळी, चाकांची छोटी बॅग, थर्मास आणि चीजची सँडविच घेऊन ती थांब्यावर आली तेव्हा साडेनऊ व्हायचे होते आणि एक बस समोरून आली. तिने हात केला नाही. ड्रायव्हरने वेग कमी केला, तिच्याकडे पाहिलं. तिने पडद्यांकडे पाहिलं. बस गेली. रस्ता किती शांत आहे, तिला वाटलं. शाळेची पोरं नाहीत, पडद्याच्या दुकानाचं शटर अजून खाली, लवकऱ्यांपैकीसुद्धा कुणी नाही. छान, म्हणजे बसायला जागा मिळेल. साडेनऊ झाले. पुढची बस यायला पाहिजे होती, आली नाही. ती उभी राहिली, बॅगेवर बसली, पुन्हा उभी राहिली. मग फार वेळाने बस आली आणि तिने मशीनवर पास टेकवला तेव्हा ड्रायव्हर, हा कुणी नवीन होता, म्हणाला, 'आधीच्याने घेतलं नाही का तुम्हाला?' 'मीच नाही चढले. पास चालत नाही ना तेव्हा.' 'अहो, आज चालतो! बँक हॉलिडे आहे. पहाटे आला असतात तरी चाललं असतं.' आणि वर म्हणाला, 'आज सगळ्या बस रविवारच्या वेळेने, बरं का. कुठे लांब जायचंय?'

ती सीटवर जाऊन बसली आणि बॅगेचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. मेचा शेवटचा सोमवार, सार्वजनिक सुट्टी. अर्थात. कोण विसरतं ते? अख्खा देश झोपलाय, आणि ही बया पडद्यांकडे बघत उभी. तिच्या लहानपणी ही सुट्टी ईस्टरच्या हिशोबाने पुढेमागे सरकत यायची, नवे कपडे मिळायचे, गल्लीतली पोरं ते मिरवत दारोदार जायची. मग सरकारने ती उचलून मेच्या शेवटी खिळ्याने ठोकली आणि तेव्हापासून ती थेल्माच्या अंगाला कधी लागलीच नाही. हे सगळं खरं, पण हे हेदरला कसं सांगायचं? गेल्या महिन्यात दवाखान्यातल्या त्या गोड आवाजाच्या नर्सने विचारलं होतं, आज कुठला वार आहे सांगा बघू. थेल्माने वार सांगितला, तारीख सांगितली, वर नर्सच्या अंगठीचा खडा पडलाय तेही सांगितलं. आणि आता? सोमवार माहीत होता. सोमवार सुट्टीचा, ते नव्हतं. भिंगातून वाचलेली ती बारीक ओळ डोळ्यांपुढे आली. सेटलहून पुढे बस नाही. म्हणजे लोण्याच्या थाळीपर्यंत जाता येईल, मुरंबा नाही, मोहरी नाही, किटली नाही. पुढच्याच थांब्यावर उतरावं, रस्ता ओलांडावा, घरी जावं, दार लावून घ्यावं. कुणाला कळणार? कळणार. गुरुवारी कळणार. तिला छतापासून लोंबणारी लाल दोरी दिसली, जवळजवळ नाकाला लागली. पुढचा थांबा आला. दार उघडलं, एक बाई कुत्रा घेऊन उतरली, दार बंद झालं. थेल्मा बसून राहिली. जाऊ तर लोण्यापर्यंत, ती म्हणाली, पुढचं पुढे.

कीथलीला थांबली, स्किप्टनला थांबली, दोन्हीकडे ढुंगण गोठेपर्यंत. पण सेटलला उतरली तेव्हा चौकात ऊन होतं आणि सुट्टीची गर्दी, आइस्क्रीम घेतलेली माणसं, सायकलवाले. कर्बी लॉन्सडेलच्या थांब्यावर चिटपाखरू नव्हतं. तिने तरी जाऊन खांबावरचा कागद वाचला. कधीकधी कागदाला दया येते. आली नाही. तिने कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात जागा धरली आणि तेवढ्यात पिशवीत फोन थरथरला. हेदर. वाजू द्यावा, तिला वाटलं. तीनचारदा थरथरून तो गप्प झाला आणि लगेच पुन्हा सुरू झाला.

'आई, कुठे आहेस?' 'सेटलला.' 'आज बँक हॉलिडे आहे. तुला माहीत होतं?'

होतं की, म्हणायला काय जात होतं? होतं, म्हणून तर निघाले, पास दिवसभर चालतो ना. जिभेवर आलेलं ते वाक्य किती तयार होतं, किती गुळगुळीत. आणि मग ते आयुष्यभर सांभाळत बसायचं. प्रत्येक चूक अशीच झाकायची, जिन्यावर घसरलं की जिन्यालाच दोष द्यायचा, आणि शेवटी झाकता झाकता दोरी ओढायची. 'नव्हतं,' थेल्मा म्हणाली. 'विसरले. साफ विसरले.'

पलीकडे हेदरने श्वास सोडला. तो श्वास थेल्माला ओळखीचा होता. बस खाली बसते तसाच. 'आई गं,' हेदर एकदम मऊ आवाजात म्हणाली, 'हेच म्हणतेय मी कधीपासून. अगं, वेळापत्रकं काढलीस, सगळं केलंस, आणि दिवसच... असू दे. वाईट वाटून घेऊ नकोस. ग्रॅहम निघालाय. मी त्याला मघाशीच पाठवलंय. तू तिथेच बस, चहा पी, हलू नकोस.' 'मघाशीच? तुला काय माहीत मी इथे अडकेन?' 'आई, मी सकाळी इंटरनेटवर बघितलं.' 'म्हणजे तुला सकाळपासून माहीत होतं आणि तू मला सांगितलं नाहीस?' थेल्माने टेबलावर बोट आपटलं. 'हेदर, तू सोळा वर्षांची असताना पॅरिसला म्हणून निघालीस आणि ब्रसेल्सला उतरलीस. तुझ्या बापाने तुला दोरी बांधली होती का? आपण हसलो होतो. अजून हसतो.' 'ते वेगळं.' 'का वेगळं? तू चुकलीस तर गंमत, आणि मी चुकले तर लार्चफील्ड? चुकायलाच बाहेर पडलेय मी! घरात कसली चुकणार? घरात जायला जागाच कुठे आहे?' आवाज चढला होता. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने खाली बघून केक खाल्ला. 'आई, तू तिथेच थांब,' हेदर म्हणाली. थेल्माने फोन बंद करून पिशवीत टाकला आणि चहा आणणाऱ्या बाईला विचारलं, 'इथून समुद्राकडे जायला बसशिवाय काय आहे?'

'ट्रेन आहे की! पण आपल्या इथलं स्टेशन नाही, गिगल्सविकचं. नदी ओलांडली की सरळ रस्ता. त्या ट्रेनने कार्नफोर्थला उतरायचं, तिथून दुसरी ट्रेन, की आर्नसाइड आलंच. पण स्टेशन लांब आहे हो. टॅक्सी बोलावू?' 'टॅक्सी म्हणजे गाडीच ना?' 'हो, म्हणजे... गाडीच.' 'मग नको,' थेल्मा म्हणाली आणि अर्धा चहा तसाच टाकून उठली. ट्रेन चालेल. नियम गाडीचा होता, ट्रेनचं तिकीट तर हेदर स्वतःच काढून देणार होती.

पुलावरून नदी खळखळत होती, तिच्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. बॅगेची चाकं फरशीवर एवढा आवाज करत होती की सगळं गाव बघतंय असं वाटावं. बघू दे. गाव संपलं, फुटपाथ अरुंद झाला, दोन्ही बाजूंना दगडी बांध आणि पलीकडे मेंढ्या. डाव्या बुटात टाच सोलवटली होती, प्रत्येक पावलाला एक बारीक चिमटा. हा पाय उचलता येतो म्हणून तू बसच्या ड्रायव्हरला सुनावलंस ना, मग उचल. आणि मागून गाडीचा आवाज आला, आला आणि तिच्या बाजूला येऊन मंद झाला. तिला वळायची गरज नव्हती.

'थेल्मा,' काच खाली करून ग्रॅहम म्हणाला. 'ग्रॅहम,' थेल्मा म्हणाली आणि चालत राहिली. 'बसा ना.' 'नाही.' 'हेदरने सांगितलंय...' 'तिने काय सांगितलंय ते माहितीये मला.' गाडी तिच्या चालीने सरकत होती. ग्रॅहम साधा माणूस, कुणाशी भांडायचं म्हटलं की त्याचे कान लाल होतात. आता दोन्ही झाले होते. 'मी काय म्हणतो,' तो पुढे झुकून म्हणाला, 'घरी नाही नेत. चहावालीने सांगितलं तुम्ही कुठे निघालात ते, फक्त स्टेशनपर्यंत सोडतो. हेदरला कळणार नाही. शपथ.' आणि तिने, नको असताना, आत पाहिलं. डावी सीट रिकामी होती. पट्टा लोंबत होता, सीटवर त्याने तिच्यासाठी उशी ठेवली होती, उन्हाने ती तापली असणार. टाच म्हणाली, बस. पाठ म्हणाली, बस. त्या सीटवर ती उभं आयुष्य बसली होती, तिला त्या सीटची खोली ठाऊक होती. बसलं की आपोआप मांडीवर हात येतात आणि कुणीतरी नेतं. कुठे, ते विचारायचं नसतं. आता बसली तर हेदरला नाही कळणार, खरंच. पण थेल्माला कळेल, आणि पैज काय हेदरशी होती? 'उशी चांगली आहे,' ती म्हणाली. 'हेदरला बसव तिच्यावर.' 'मग मी काय करू हो?' ग्रॅहम रडकुंडीला आला. 'घरी जा. सुट्टी आहे आज, तुला ठाऊक नाही का?'

ग्रॅहमला हसू फुटलं. आवरत होता, पण फुटलं. मागे एक ट्रॅक्टर येऊन हॉर्न मारायला लागला तशी गाडी पुढे गेली आणि थेल्मा एकटी राहिली. ती स्टेशनवर पोचली तेव्हा ग्रॅहम फलाटावर खिशात हात घालून उभा होता. तिने थर्मासमधला चहा झाकणात ओतून त्याला दिला, सँडविच अर्धं दिलं. दोघं बाकावर बसून मेंढ्या बघत खात राहिले. ट्रेन आली. पायरी उंच होती, फलाट खाली होता, मधे चांगली फट. ही काही गुडघे टेकणारी नव्हती. थेल्माने आधी बॅग वर ढकलली, दांडा धरला आणि सोलवटलेला पाय उचलला. बाजूने ग्रॅहमचा हात पुढे आलेला तिला दिसला, आणि तो हात तिथेच थांबून परत खिशात गेलेलाही दिसला. इतक्या वर्षांत या जावयाबद्दल तिला एवढी माया कधी वाटली नव्हती. 'हेदरला काय सांगू?' त्याने खालून विचारलं. 'सांग, बसली नाही.'

मंगळवारी जेवणाआधी ती आर्नसाइडच्या बंधाऱ्यावर, कठड्यामागच्या बाकावर बसली होती. समोर नुसती वाळू, पलीकडच्या डोंगरापर्यंत, आणि वाळूवर दूर दोन माणसं आणि एक कुत्रा. वारा नाकात शिरत होता. पिशवीत फोन थरथरला तसा तिने तो काढला, कारण आता लपवण्यासारखं काही नव्हतं. 'ग्रॅहमने सांगितलं,' हेदर म्हणाली. आवाजात राग होता आणि आणखी काहीतरी होतं, जे थेल्माला ओळखता आलं नाही. 'त्याने उशीचंही सांगितलं. आई, तू ना... टाच कशी आहे?' 'सोललीय.' 'लावलंस का काही?' 'लावलं. खानावळवालीने मलम दिलं.' 'पण तरी तू विसरली होतीस, आई. ते काही खोटं नाही.' 'नाही,' थेल्मा म्हणाली. 'विसरले होते. पुन्हाही विसरेन. आणि तरी आलेय.' 'मग गुरुवारी मी त्यांना काय...'

तेवढ्यात भोंगा झाला. लांबलचक, घशातून काढल्यासारखा, सगळ्या खाडीवर पसरत गेला. वाळूवरची दोन माणसं वळली आणि झपाझप किनाऱ्याकडे यायला लागली, कुत्रा पुढे. बंधाऱ्यालगत उभ्या गाड्यांमधून कुणीतरी डबा बंद केल्याचा आवाज आला, कुणी म्हणालं, चला, आता रस्ता तुंबेल. थेल्माचे पाय स्वतःच्या मनाने बाकाखाली सरकले, उठायच्या तयारीने, इतक्या वर्षांची सवय. तिने ते पुन्हा पुढे पसरले.

'आई, हा आवाज कसला?'

'भोंगा. पाणी येतंय.'

'मग निघ ना तिथून! आई? निघालीस का?'

थेल्माने वाकून डाव्या पायातला बूट काढला आणि बाकावर ठेवला. दूर, डोंगराच्या पायथ्याशी, वाळूवर एक पांढरी रेघ उमटली होती. आधी वाटलं डोळ्यांतच काही आहे. मग ती हलली.

'नाही,' ती म्हणाली. 'या खेपेला लवकर निघायचं नाही. त्या लार्चफील्डवाल्यांनाही तेच सांग, म्हणावं, बाई अजून निघालेली नाही.' आणि तिने दुसराही बूट काढला.